ओतीव गोळीचे माप आणि एक स्वस्त सायझिंग किट: वर्षभराच्या वापरानंतर

तयार गोळ्यांच्या खोक्यावर व्यास ०.३०८ इंच असा छापलेला असतो, म्हणून घरी ओतलेली शिशाची गोळीही जवळपास तेवढीच असावी, अशा समजुतीने मी मागच्या हिवाळ्यात ०.३०९ इंचाचा सायझिंग डाय (ज्यातून ढकलली की गोळी ठरलेल्या व्यासाची होते असे पोलादी छिद्र) मागवला आणि पहिल्या तीस गोळ्यांतच रायफलची नळी शिशाने माखून घेतली. दोष डायचा नव्हता, माझ्या निवडीचा होता. नंतर त्याच बनावटीचा ०.३११ चा डाय घेतला, पुढे ०.३०९ चा डाय आतून घासून ०.३१० केला, आणि आता वर्षभर तिन्ही मापे वापरून झाल्यावर या किटविषयी, आणि त्याहून अधिक मापाच्या निवडीविषयी, सविस्तर लिहावेसे वाटते.

मी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात राहतो. येथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरण्यासाठी परवाना लागत नाही. विक्रीसाठी भरायची असल्यास मात्र केंद्र सरकारचा परवाना घ्यावा लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतुसे बनवण्यासाठी परवाना आवश्यक आहे, तेव्हा महाराष्ट्रातील वाचकांनी हे परीक्षण केवळ कुतूहलापोटी वाचावे. माझी रायफल मार्लिन ३३६ आहे, लिव्हर-ॲक्शन, म्हणजे खालची दांडी हलवून पुढचे काडतूस भरण्याच्या प्रकारची. ती १९७० च्या दशकातली, कनेटिकटमधील नॉर्थ हेवन येथे बनलेली असून .३०-३० विंचेस्टर हे काडतूस घेते. हे काडतूस १८९५ साली, जॉन ब्राउनिंग यांनी आखलेल्या विंचेस्टर १८९४ या रायफलसाठी बाजारात आले आणि सव्वाशे वर्षांनंतरही येथील जंगलात हरणाच्या हंगामात सर्रास दिसते. मी स्वतः शिकार करीत नाही. क्लबच्या मैदानावर कागदी लक्ष्यावर नेम धरणे आणि मापांशी खेळणे एवढाच माझा छंद आहे. पिंपरीच्या एका टूलरूममध्ये उमेदीची काही वर्षे काढलेल्या माणसाला या छंदातला नेमबाजीचा भाग कमी आणि मायक्रोमीटरचा भाग जास्त आवडतो, हे कबूल केलेले बरे. त्या काळच्या सवयीने मी पुढे इंचाच्या हजाराव्या भागाला ‘थाऊ’ म्हणणार आहे. सुतारकामात आठ सुतांचा एक इंच होतो. येथे तोच इंच हजार थाऊंचा आहे आणि त्यातल्या एका थाऊवर सगळे अवलंबून आहे.

लिव्हर-ॲक्शन रायफल आणि ओतीव गोळी यांचे जमते त्याची कारणे साधी आहेत. .३०-३० सारख्या काडतुसाचा वेग मध्यम असतो आणि उघड्या शिशाच्या गोळीला तो मानवतो. शिवाय या रायफलीत काडतुसे नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक आडवी बसतात, म्हणजे मागच्या गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टिकलीवर) टेकलेले असते. टोकदार गोळी तेथे घातली, तर धक्क्याने प्रायमर पेटण्याचा धोका असतो, म्हणून गोळीचे नाक सपाट असावे लागते, आणि सपाट नाकाची गोळी घडवण्यासाठी ओतकामाइतका सोपा मार्ग दुसरा नाही. माझ्याकडे लायमन कंपनीचा ३११०४१ हा दोन घरांचा साचा आहे. लायमनच्या क्रमांकांत पहिले तीन आकडे व्यासाचे असतात आणि उरलेले आकृतीचे. त्यामुळे या साच्यातून सुमारे ०.३११ इंचाची, वजनाने पावणेदोनशे ग्रेनच्या आसपासची, सपाट नाकाची आणि तळाशी गॅस चेक बसणारी गोळी मिळते. गॅस चेक म्हणजे गोळीच्या बुडाला बसवायची तांब्याची इवलीशी वाटी. दारूच्या तप्त वायूंपासून ती शिशाचा तळ सांभाळते.

आता मुद्द्याकडे येतो. नळीच्या आत पिळदार खाचा आणि त्यांच्यामधले उंचवटे असतात. आपल्याकडच्या वाचकाला शेतातले सरी-वरंबे डोळ्यांसमोर आणले की हे चित्र लगेच कळेल. .३०-३० च्या नळीचा नेमून दिलेला व्यास वरंब्यांच्या माथ्यावर ०.३०० इंच आणि सरींच्या तळाशी ०.३०८ इंच असतो. तांब्याचे आवरण असलेली कारखान्यातली गोळी ०.३०८ ची असते आणि दाबाखाली ती सरींत नीट बसते. शिशाच्या गोळीचे तसे नाही. ती सरीच्या तळापेक्षा जराशीही बारीक राहिली, तर तप्त वायू तिच्या कडेने निसटतात, जाताना शिशाचा पृष्ठभाग वितळवतात आणि ते वितळलेले शिसे नळीत चिकटवून ठेवतात. त्यानंतरची प्रत्येक गोळी त्या लेपावरून घसरत जाते आणि नेम म्हणून काही उरत नाही. म्हणून ओतीव गोळी सरीच्या व्यासापेक्षा एक ते दोन थाऊ मोठी ठेवावी, असा जुन्या जाणत्यांचा संकेत आहे. मात्र हा व्यास आपल्या नळीचा असायला हवा, तक्त्यातला नव्हे, आणि मी चुकलो ते नेमके येथेच.

नळीचे खरे माप काढण्याची रीत जुनी आणि बिनखर्चाची आहे. नळीला आतून हलके तेल लावायचे, व्यासापेक्षा किंचित जाड असा शुद्ध, मऊ शिशाचा तुकडा (मी मासे पकडण्याच्या गळाचे शिसे वापरले) नळीच्या तोंडाशी ठेवून हलक्या हाताने ठोकत आत घालायचा आणि पितळी सळईने पलीकडे ढकलायचा. लाकडी काठी वापरू नये. ती आत तिरकी चिरली, तर सगळी दुपार ती काढण्यात जाते. रायफल रिकामी आहे, हे दोनदा पाहावे, हे सांगायला नकोच. मार्लिनमध्ये लिव्हरचा एक स्क्रू काढला की बोल्ट (काडतुसाला मागून टेकणारा पोलादी तुकडा) मागे निघून येतो आणि नळी आरपार मोकळी होते. विंचेस्टर १८९४ मध्ये ही सोय नसल्याने तुकडा तोंडाकडून घालून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या मागच्या पोकळीच्या, बाजूने वरच्या फटीतून काढावा लागतो. तुकडा बाहेर आला की त्यावर सरी-वरंब्यांचा उलटा ठसा उमटलेला असतो. तो दहा-हजारांशापर्यंत वाचणाऱ्या मायक्रोमीटरने मोजावा. साधे व्हर्नियर येथे पुरे पडत नाही आणि शिसे मऊ असल्याने त्याचे जबडे ठशातच रुततात. माझ्या नळीचा सरीव्यास ०.३०८५ भरला. म्हणजे संकेताप्रमाणे गोळी ०.३०९५ ते ०.३१०५ यांच्या दरम्यान हवी होती आणि मी विकत घेतला होता ०.३०९.

मार्लिनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. १९५० च्या दशकापासून या कंपनीने ‘मायक्रो-ग्रूव्ह’ नावाची नळी वापरली. नेहमीच्या थोड्या खोल सरींऐवजी तिच्यात पुष्कळ उथळ सरी असतात. माझ्या नळीत बारा आहेत. या नळीत ओतीव गोळी चालतच नाही, असे येथील कितीतरी नेमबाज ठामपणे सांगतात. मला ते पटत नाही, पण हा प्रवाद कोठून निघाला असावा, हे माप घेताना कळले. सरी उथळ, म्हणजे वरंबे बुटके. माझ्या नळीत वरंब्यांच्या माथ्यावरचा व्यास ०.३०० नसून ०.३०३ भरतो. ज्या गोळीचे नाक ०.३०० च्या नळीत वरंब्यांवर टेकून सरळ जाईल, असे आखलेले आहे, ते या नळीत कशालाच टेकत नाही. सगळा भार गोळीच्या जाड अंगावर येतो. ते अंगही बारीक असेल, तर गोळीला धरायला नळीत काहीच राहत नाही. त्यामुळे खोल सरींच्या नळीत ०.३०९ ने निभावून जाईलही, उथळ सरींच्या नळीत मात्र गोळी मापाच्या वरच्या टोकाला ठेवावी लागते.

मग सरळ ०.३१२ किंवा ०.३१३ का घेऊ नये? वरची मर्यादा नळी घालत नाही, चेंबर घालते. गोळी जितकी जाड, तितकी भरलेल्या काडतुसाची मान, म्हणजे गोळी धरणारे पितळी तोंड, जाड होते. आणि मान चेंबरमध्ये आवळून बसली, तर गोळी सुटताना मान फाकायला जागा राहत नाही आणि दाब धोकादायकरीत्या वाढू शकतो. हे पाहण्याची युक्ती सोपी आहे: त्याच रायफलीतून उडवलेली, अजून पुन्हा न घडवलेली रिकामी पितळी टोपण-नळी (काडतुसाचे कवच) घ्यावी आणि गोळी बोटांनी तिच्या तोंडात सोडून पाहावी. ती सहज आत गेली तर जागा आहे. अडकली तर ते माप आपल्या चेंबरचे नाही. लिव्हर-ॲक्शनमध्ये हा नियम बोल्ट-ॲक्शनपेक्षा (मुठीने बोल्ट मागेपुढे करण्याच्या रायफलीपेक्षा) कडक पाळावा लागतो, कारण बोल्टच्या मुठीत जो रेटा मिळतो तो लिव्हरमध्ये नसतो. घट्ट काडतूस बोल्टने दाबून बसते. लिव्हर मात्र अर्ध्यावर थांबते आणि जोर केला की काडतूस ना आत जाते ना बाहेर येते. माझ्या चेंबरमध्ये ०.३११ ची गोळी आरामात बसते, ०.३१२ ची अडखळते. अशा रीतीने खालून नळीने आणि वरून चेंबरने मला ०.३१० किंवा ०.३११ एवढीच मोकळीक दिली.

किटविषयी आता सांगतो. हा स्वस्तातला, आरपार ढकलण्याचा प्रकार आहे आणि मला एक संच ३५ डॉलरच्या आसपास पडला. संचात नेहमीच्या काडतूस भरण्याच्या प्रेसवर बसणारा, पाऊण इंचाहून थोड्या जाड आट्यांचा एक पोलादी डाय असतो, प्रेसच्या रॅमवर (दांडा ओढला की वर सरकणाऱ्या खांबावर) बसणारा एक पंच असतो आणि वर निघालेल्या गोळ्या जमा करणारी प्लास्टिकची डबी असते. गोळीला हलकेसे पातळ वंगण चोळायचे, बुडाला गॅस चेक लावायचा, गोळी पंचावर उभी ठेवायची आणि दांडा ओढायचा. गोळी नाक पुढे करून डायमधून वर निघते, तिचा व्यास एकसारखा होतो आणि गॅस चेक त्याच दमात दाबून पक्का बसतो. तासाभरात दोनशे गोळ्या सहज होतात. महागड्या सायझर-वंगण यंत्रांत गोळी नाकाकडून दाबून खाली घालतात व पुन्हा वर काढतात, त्यासाठी नाकाच्या आकाराचा वेगळा पंच लागतो आणि तो नीट जुळला नाही तर गोळी तिरकी होते. या साध्या डायमध्ये बळ सपाट बुडावर येत असल्याने तो प्रश्नच उद्भवत नाही. माझ्या मते या किटचा सर्वांत मोठा गुण हाच आहे, आणि स्वस्तपणा त्याच्यानंतर येतो.

तक्रारीही आहेत. आतला पृष्ठभाग मला हवा तितका गुळगुळीत नव्हता; पहिल्या शंभर गोळ्यांच्या अंगावर उभे ओरखडे उठले. डबी हलकी आहे आणि भरली की कलंडते. ०.३११ चा डाय मोजून पाहता आकड्याला खरा उतरला, ०.३०९ चा मात्र किंचित लहान, साधारण पाव थाऊने कमी निघाला. एवढ्या किमतीत हे क्षम्य आहे, पण डायवर कोरलेल्या आकड्यावर न विसंबता त्यातून निघालेली गोळी मोजावी, हे यावरून पक्के झाले. गोळीच्या धातूप्रमाणेही माप हलते: कडक मिश्रणाची गोळी डायमधून निघाल्यावर किंचित फुलते, मऊ शिशाची तेवढी फुलत नाही.

मला मधले माप हवे होते आणि त्या दिवशी दुकानात ०.३१० चा डाय नव्हता, म्हणून मी ०.३०९ चा डाय घरीच घासला. लाकडी दांडीला उभी चीर पाडून तिच्यात बारीक पॉलिश पेपर अडकवला, दांडी ड्रिलमध्ये धरली आणि तेल घालत, दर अर्ध्या मिनिटाला थांबून एक गोळी ढकलून मोजत गेलो. संपूर्ण काम दीड तासात झाले. घाई केली तर डाय तोंडाशी फाकतो, म्हणून दांडी सतत मागेपुढे हलती ठेवावी लागते. काढलेला धातू परत लावता येत नाही, हे टूलरूममध्ये आमचे फोरमन रोज एकदा तरी सांगत. ते वाक्य त्या दीड तासात मला बऱ्याचदा आठवले. ओरखड्यांची तक्रारही या घासण्याने मिटली.

मैदानावरचा निकाल असा. पन्नास यार्डांवर, टेकू घेऊन, प्रत्येक मापाच्या दहा-दहा गोळ्या, दारू आणि बाकी सर्व एकच, आणि प्रत्येक मापानंतर नळी पूर्ण स्वच्छ. ०.३०९ च्या गोळ्या लक्ष्यावर उघड्या पंजाएवढ्या जागेत विखुरल्या आणि नळीतून शिशाचे पापुद्रे निघाले. ०.३१० च्या गोळ्या मोठ्या संत्र्याएवढ्या जागेत आल्या, नळीत किंचित करडा थर दिसला. ०.३११ च्या गोळ्या लिंबाएवढ्या जागेत बसल्या आणि चिंधी जवळजवळ कोरी बाहेर आली. तीन वेळा वेगवेगळ्या दिवशी करून पाहिले, क्रम बदलला नाही.

तरीही सुरुवातीच्या अपयशाचे पूर्ण उत्तर मला मिळाले नव्हते. ०.३०९ ची गोळी, डायची पाव थाऊची तूट धरूनही, माझ्या नळीपेक्षा थोडी मोठीच होती. मग एवढे शिसे का लागले? एक भरलेले काडतूस उघडून गोळी बाहेर काढली आणि मोजली, तेव्हा ती ०.३०७५ निघाली. गोळी बारीक झाली होती ती पितळी मानेत. माझा काडतूस घडवण्याचा डाय आवरणाच्या गोळीसाठी बनवलेला होता. त्यातून निघणारी मान शिशाच्या गोळीसाठी फारच आवळ होती आणि गोळी आत दाबताना मानेनेच तिला पुन्हा सायझ केले होते. यावर लायमनचा एम-डाय हा पायऱ्यांचा फाकवणी डाय उपयोगी पडला. तो मान थोडी सैल करतो आणि तोंडाशी गोळी सरळ उभी राहील एवढा कठडा देतो. त्यानंतर काढलेल्या ०.३११ च्या गोळ्या ०.३११ च मोजल्या गेल्या. जो कोणी सायझिंग किट घेईल त्याने हा फाकवणी डाय त्याच दिवशी घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. नाहीतर किटने दिलेले माप मान गिळून टाकते. गोळी पक्की बसावी म्हणून शेवटी तिच्या खाचेत तोंड किंचित मुडपावे लागते, कारण नळकांड्यातली स्प्रिंग आणि धक्का मिळून सैल गोळी आत ढकलतात. मुडपणेही हलक्या हातानेच करावे.

धातूविषयी थोडे. मी लायमन क्रमांक २ म्हणून ओळखले जाणारे मिश्रण वापरतो: शिसे ९० टक्के, कथील ५ टक्के, अँटिमनी ५ टक्के. कथलाने साचा नीट भरतो, अँटिमनीने कडकपणा येतो. अँटिमनी जास्त असेल तर गोळी थंड होताना कमी आकसते आणि साच्यातून किंचित जाड निघते, हेही मापाच्या हिशोबात धरावे लागते. छापखान्यातल्या लिनोटाइप यंत्राचा धातू हा या छंदातला जुना खजिना मानला जातो, कारण त्यात ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असे मिश्रण तयारच मिळते. आपल्याकडे निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी ज्या खिळ्यांवर मराठी ग्रंथ छापले ते खिळेही याच तीन धातूंच्या घराण्यातले. अशा धातूची जुनी पट्टी वितळवताना माझा हात दर वेळी जरा अडखळतो, आणि.३०-३० च्या वेगाला एवढ्या कडक धातूची गरजही नाही. टायरवरची जुनी शिशाची वजने पूर्वी फुकट मिळत, आता अनेक राज्यांत त्यांवर बंदी असून त्या ढिगात जस्ताची वजने मिसळलेली असतात. जस्ताचा एक तुकडा कढईत पडला तर अख्खा घाणा बिघडतो, साचा भरेनासा होतो.

शिसे विषारी आहे. मी हे काम उघड्या पडवीत करतो, खाणेपिणे जवळ आणत नाही, कपडे वेगळे धुतो. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तर तप्त धातू उसळून अंगावर येतो, म्हणून चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्या कधी टाळत नाही. दारूचे प्रमाण नेहमी ओतीव गोळीसाठी छापलेल्या तक्त्यातूनच घ्यावे. आवरणाच्या गोळीचा तक्ता येथे चालत नाही.

किट घ्यावे का, असे विचारणाऱ्याला माझे उत्तर असे आहे की आधी शिशाचा तुकडा नळीतून ढकलावा, उडवलेल्या टोपण-नळीत गोळी सोडून पाहावी, आणि मगच डायचा आकडा मागवावा. वर्षाला हजारभर गोळ्या वापरणाऱ्याला हे साधे किट पुरून उरते. त्याहून जास्त ओतणाऱ्याने वंगण भरणाऱ्या यंत्राकडे वळावे. माझ्या प्रेसवर आता कायम ०.३११ चा डाय असतो. घासलेला डाय मी फेकला नाही, त्यावरचा ०.३०९ हा आकडा कोरणीने खोडून शेजारी ०.३१० असे कोरले आहे आणि क्लबातल्या एका विंचेस्टरवाल्या मित्राला, ज्याची नळी ०.३०८ ला चोख उतरते, तो उसना दिला आहे.